मुक्या मशीनजवळचा हिवाळा

आधीच सांगून ठेवते, माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर मेंढरांमागं गेले, त्यामुळं कुठं पहिली वेलांटी आणि कुठं दुसरी ते मी अंदाजानंच देते. मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीची मागची पानं आहेत, त्यांच्यावर चौकटी आहेत, म्हणून ओळी वर-खाली गेल्या आहेत. कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. तरी कुणाच्या हाती लागलंच तर चुकांची माफी असावी. मजकूर मात्र खरा धरावा.

आज सकाळी दार उघडलं तर पत्र्याच्या कडेनं दव टपकत होतं. शेजारच्या रानातली तूर कापून बांधाला लावली आहे, तिचा ओलसर तुरट वास अंगणापर्यंत आला होता. दरवर्षी हा वास आला की मला लोखंड आठवतं. थंडीत उघड्यावर उभ्या राहिलेल्या लोखंडालाही एक वास असतो. हात लावला की बोटांना लागतो आणि पीठ मळलं तरी जात नाही. एक अख्खा हिवाळा माझ्या बोटांना तो वास होता.

अंबडच्या पलीकडं एक माळ आहे. तिथं मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं आणि त्या कामावर आमचं पोकलेन मशीन होतं. जुनंच, दुसऱ्याच्या हाताखालून आलेलं, पण आमचं. मनी म्हणजे आमची मुलगी. मनीच्या पप्पांनी घरचा सगळा कळप विकून ते मशीन घेतलं. सासऱ्यांच्याही आधीपासून चालत आलेली मेंढरं एका दुपारी टेम्पोत चढली आणि धुरळा खाली बसायच्या आत रस्त्याला लागली. माझ्या माहेराहून, केदारखेड्याकडून, माझ्यासोबत थोड्या मेंढ्या आल्या होत्या. त्या आणि त्यांची पिल्लं तेवढी मी धरून ठेवली. "ह्या माझ्या हायत," एवढंच म्हणाले. माझ्या तोंडून एवढं निघालं म्हणून सासूबाई भाकरी परतायची विसरल्या.

मी बोलत नाही, असं सगळे म्हणतात. बोलते मी, पण आवाज ओठांपर्यंत येतो आणि तिथंच बसतो. लग्नाकार्यात मी भांड्यांच्या ढिगामागं जागा धरते. दुकानात माझ्या मागून आलेल्या बायका सामान घेऊन निघून जातात आणि मी पदर धरून उभीच असते. मेंढरांमागं असताना याची कधी अडचण झाली नाही. मेंढीला हाक मारायला शब्द लागत नाहीत, जिभेनं टाळूला आवाज केला की पुरतं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मशीन थांबलं. काही तुटलं नाही, कुठं आवाज झाला नाही. मातीनं भरलेली बकेट अर्ध्यावर उचललेली, आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला, जसं बोलता बोलता कुणी मनातच बोलायला लागावं. समोरच्या छोट्या पडद्यावर पिवळा दिवा लागला आणि दोन चौकोनांचं चित्र आलं, मधली रेघ तुटलेली. मनीच्या पप्पांनी कशीबशी बकेट जमिनीला टेकवली आणि चावी फिरवली. पुन्हा चालू केलं तर कधी दहा मिनिटं चालायचं, कधी एकदम बंद. कामावरच्या साहेबांनी सांगितलं, संक्रांतीपर्यंत थांबतो, नाही तर दुसरं मशीन बोलावतो. साइट सुटली असती तर मशीन विकावं लागलं असतं, आणि थांबलेलं मशीन लोक भंगाराच्या भावात मागतात. कळप तर आधीच गेला होता.

घर चालवायला मनीचे पप्पा घनसावंगीकडं कालव्याच्या कामावर दुसऱ्याचं मशीन चालवायला गेले. आमचं मशीन सोडून जाता येत नव्हतं. उघड्या माळावर उभ्या मशीनचं डिझेल जातं, बॅटऱ्या जातात. म्हणून मी तिथं राहिले. मनी शाळेसाठी गावी आजीजवळ, माझ्या मेंढ्याही तिथंच. माळावर मी, पत्र्याचं एक खोपट, आणि ते पिवळं धूड.

कुणी आजारी असलं की आपण त्याच्या उशाशी बसतो. मी मशीनच्या उशाशी बसले होते. बकेटच्या आडोशाला चूल मांडली, कारण तिथं वारा लागत नव्हता. मशीनच्या लोखंडी पट्ट्यावर, ज्यावर ते चालतं, धुणं वाळत घालायचे. दुपारी एक परीट पक्षी यायचा, शेपटी वरखाली करत बूमच्या, म्हणजे मशीनच्या लांब हाताच्या, टोकापर्यंत चालत जायचा आणि तिथून खाली बघायचा, जसा काही मुकादमच. लांब कुठं तरी खडीचं क्रशर चालायचं, त्याची घरघर ऐकू आली की बरं वाटायचं, आणि ते थांबलं की कान दुखायचे. शांतता कानाला दुखते हे मला तिथं कळलं.

फोनला रेंज फक्त खडीच्या ढिगावर. संध्याकाळी मी ढिगावर चढायचे, पायाखालची खडी सरकायची.

"मशीन बरं हाय का?" मनीचे पप्पा विचारायचे.

"हाय."

"बॅटरीचं कुलूप पाह्यलं का?"

"पाह्यलं."

"मंग ठेवतो. हितं शेट बोंबलून राह्यला."

मी कशी आहे ते विचारायचं राहून जायचं. ते मुद्दाम विसरत नव्हते. माणूस थकला की आधी जड वस्तूंची आठवण काढतो.

सासूबाई मात्र भरपूर बोलायच्या. "काय करून राह्यलीस?" "बसले." "कशाजवळ?" "मशीनजवळ." "तिथं मेंढरं असती तर बसल्या बसल्या लेंडीखत तरी झालं असतं. ते काय देतंय?" मग मनीला फोन द्यायच्या. मनी म्हणायची, "आई, जोरात बोल ना, ऐकूच येत न्हाई." मी जोरात बोलायचा प्रयत्न करेपर्यंत रेंज जायची.

बशीर चाचा आले ते एका जुन्या स्कूटरवर, मागं पत्र्याची पेटी बांधून. जालन्यात त्यांचं छोटं गॅरेज होतं. मोठ्या मशीनच्या वायरिंगचं काम करणारा त्या भागात तेवढा एकच माणूस परवडण्यासारखा. दाढी पांढरी, बोटं काळी, आणि कानांनी अधू. जन्मभर इंजिनाजवळ उभं राहून त्यांचे कान गेले होते. म्हणजे कमी बोलणारी मी आणि कमी ऐकणारे ते. मनीचे पप्पा त्या दिवशी आले होते, ते हसून म्हणाले, "झालं, जोडी जमली. आता मशीनच बोलंल तुमच्या दोघांत."

चाचांनी पेटीतून मीटर काढलं. चहा पिताना मला सांगत होते, कारण मनीचे पप्पा फोनवर होते आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना काम सुचत नसे.

"बेटा, ह्या मशीनमधी तीन-चार डब्बे हायत. एक इंजिनचा, एक पंपाचा, एक पडद्याचा. ते दिवसभर एकमेकाला हाका मारत राह्यतात. मी हाय, मी हाय, तू हायस का? एकाची हाक आली न्हाई की दुसरा घाबरतो. म्हणतो, माझा साथी गप्प झाला, आता पुढं जायचं न्हाई. मंग मशीन थांबतं."

हाका जायला दोन तारा असतात, एक पिवळी, एक हिरवी, वेणीसारख्या एकमेकींना पिळलेल्या. त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक छोटा अडसर बसवलेला असतो, म्हणजे हाक टोकापर्यंत गेली की तिथंच विरावी, आपटून परत येऊ नये. परत आली तर पुढची हाक ऐकू येत नाही. चावी काढून त्या दोन तारांवर मीटर लावलं आणि आकडा साठ आला, की तारा नीट. एकशेवीस आला, तर एका टोकाचा अडसर गेला. शून्य आला, तर दोन्ही तारा कुठं तरी एकमेकींना भिडल्या. मला हे लगेच कळलं. का कळलं ते मी चाचांना सांगायला गेले, पण आवाज ओठावरच राहिला.

संध्याकाळी मेंढ्या चरून परत येतात तेव्हा वाड्यात बांधून ठेवलेली कोकरं सोडतात. त्या वेळी जो गलका होतो तो ज्यानं ऐकला त्यालाच माहीत. शंभर आया, शंभर पिल्लं, सगळी एकदम हाका मारतात. बाहेरच्या माणसाला तो नुसता गोंगाट वाटतो. पण प्रत्येक मेंढी तेवढ्यातून आपल्याच पिल्लाचा आवाज उचलते आणि त्याच्याकडं जाते. एखादं कोकरू आजारी असलं, गप्प पडलं, तर त्याची आई दूध सोडत नाही, चारा खात नाही, आहे तिथंच गोल फिरत राहते. डोळ्यांसमोर पडलेलं असलं तरी तिला ते सापडत नाही. तिला आवाज लागतो.

त्या दिवशी मीटरवर साठ आला. चाचांनी दोनदा बघितलं, साठच. तारा नीट आहेत म्हणाले, म्हणजे डब्बाच गेला. पंपाचा कंट्रोलर. नवा घ्यायची आमची ऐपत नव्हती. जालन्यात लोखंड वितळवायच्या कारखान्यांत जुनी मशीनं भंगारात येतात, त्यातले चालू डब्बे काढून विकणारे एक मारवाडी शेटजी होते. चाचा म्हणाले, तिथं मिळेल, पण रोख लागेल आणि इलेक्ट्रिकचा माल ते परत घेत नाहीत.

रोख म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मनीचे पप्पा गावाला गेले आणि तिथून फोन केला. मी खडीच्या ढिगावर उभी होते.

"तुझ्या मेंढ्या," ते म्हणाले आणि थांबले.

"हो," मी म्हणाले.

"बांडी पण?"

बांडी म्हणजे पाठीवर काळा ठिपका असलेली माझी जुनी मेंढी. माहेरून आलेल्यांतली तेवढी एकच उरलेली. ती जिभेच्या आवाजावर अर्ध्या रानातून पळत यायची. मी "हो" म्हणाले, पण रेंज गेली होती. त्यांनी माझं न ऐकताच हो धरलं. दुसरं काय धरणार होते?

डब्बा बसला. मशीन उठलं. मनीच्या पप्पांनी नारळ फोडला आणि नवा बिब्बा बांधला. आमच्याकडं गाडी असो, म्हैस असो, दुकान असो, नजर लागू नये म्हणून बिब्बा, लिंबू आणि मिरच्या तांब्याच्या तारेत ओवून बांधतात आणि शनिवारी बदलतात. साहेबांनी पुढच्या काचेवर काही लटकवू नका म्हणून सांगितलं होतं. मग मनीचे पप्पा तो बॅटरीच्या दाराच्या आत बांधायचे, वायरिंगच्या जाड जुडग्याला, कुणाला दिसणार नाही असा. घट्ट पिळून, कारण हादऱ्यानं पडला तर अपशकुन.

एक आठवडा मशीन छान चाललं. मी बोचकं बांधून ठेवलं होतं, गावी जायचं म्हणून. मग एका सकाळी पुन्हा इंजिनाचा आवाज खाली बसला, पुन्हा ते दोन चौकोन, पुन्हा तुटलेली रेघ. मनीचे पप्पा पट्ट्यावर बसून राहिले. चाचांना फोन करून एवढंच म्हणाले, "चाचा, तुमचा डब्बा मेला." आणि दुसऱ्या दिवशी परत घनसावंगीला गेले. मी बोचकं सोडलं.

त्या आठवड्यात पलीकडच्या रानात एक वाडा उतरला होता. खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात, तसला. संध्याकाळी कोकरं सोडल्याचा गलका माळावर यायचा. मी चुलीपाशी बसून ऐकायचे. मला माहीत होतं त्यात माझी कुणी नाही, तरी कान एक एक आवाज उचलून बघायचे आणि खाली ठेवायचे. जाऊन बघितलं नाही. तिथल्या बायकांनी विचारलं असतं, कुणाची गं तू, मेंढरं कुठं तुझी? आणि मला सांगता आलं नसतं.

चाचा न बोलावता आले. स्कूटर लावली, मशीनकडं बघत उभे राहिले, मग म्हणाले, "माझा डब्बा मरत न्हाई, बेटा. मी कुठं तरी चुकलो." पहिल्या वेळी मीटर लावलं तेव्हा मशीन थंड होतं, स्थिर उभं होतं. तारा भिडत असतील तर हादऱ्यानं भिडत असतील, उभ्या मशीनमध्ये कशा दिसणार? म्हणून या वेळी मीटर सीटजवळच्या सॉकेटला लावून ठेवायचं आणि इंजिनापासून केबिनपर्यंत वायरींचं जुडगं हातानं हलवत यायचं. पण हलवणारा खाली मागं आणि आकडा दिसणार वर. दुसरं माणूस हवं. माळावर दुसरं माणूस मीच.

तोपर्यंत मी केबिनमध्ये कधी चढले नव्हते. ज्याच्यासाठी कळप गेला त्याच्यावर पाय कसा ठेवायचा असं वाटायचं. पायरीला हात लावून नमस्कार केला आणि चढले. सीटवर बसल्यावर अख्खा माळ दिसला. माझं खोपट केवढंसं होतं, आणि चुलीपासून ढिगापर्यंत माझ्याच पायांनी पडलेली पाऊलवाट. एकाच माणसाच्या पायांची वाट इतकी ठळक होते हे वरूनच कळतं.

"बोल," खालून चाचा ओरडले.

"साठ," मी म्हणाले.

"बोल ना, बेटा."

"साठ."

ते मागून पुढं आले, हात कानाला लावून. "मी ऐकून न्हाई राह्यलो. जोरात."

असं दोन-तीनदा झालं. प्रत्येक वेळी त्या म्हाताऱ्या माणसाला वाकलेल्या कमरेनं पुढं यावं लागे. शेवटी ते पाणी प्यायला बसले आणि म्हणाले, "माझे कान गेले, त्याला मी काय करू? तुझा गळा तर साबूत हाय." रागानं नाही म्हणाले. पण मला फार लागलं.

ते भाकरी खात होते तेव्हा मी ढिगामागं गेले. तिथं रस्त्यासाठी डोंगर कापलेला होता, सरळ उभी भिंत. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि ओरडले, "साठ." भिंतीनं तो शब्द परत माझ्याकडं फेकला. मी घाबरून मागं बघितलं. कुणी नव्हतं. पुन्हा ओरडले. पुन्हा परत आला. माझाच आवाज, पण मला तो ओळखीचा वाटला नाही, कुणा तरी मोठ्या, धीट बाईचा वाटला. मग मला चाचांचं ते बोलणं कळलं, टोकाला हाक विरली पाहिजे, परत येता कामा नये. ऐकणारं कुणी नसलं की हाक आपल्याच अंगावर येते.

दुपारी मी केबिनमधून ओरडले. चाचा इंजिनाजवळचं जुडगं हलवत होते.

"साठ."

"हां, आलं ऐकू. आता?"

"साठ."

पंपाजवळ. साठ. टाकीखाली. साठ. केबिनच्या बुडाशी. साठ. परीट पक्षी बूमवरून उडून गेला. माझा घसा सुकला होता आणि मला थांबायचं नव्हतं. जवळजवळ सगळं जुडगं हलवून झालं आणि सगळीकडं साठ. चाचांचा हात बॅटरीच्या दाराशी येऊन थांबला. पुढची हाक आली नाही म्हणून मी खाली उतरले.

ते दारात उभे राहून आत बघत होते. आत तांब्याच्या तारेत बिब्बा, सुकलेलं लिंबू, मिरच्या.

"हे कुणी बांधलं?"

"मनीच्या पप्पांनी."

"मी पहिल्या दिवशी बी पाह्यल्तं. हात वळवून घेतला." मग हळूच म्हणाले, "दुसऱ्यानं नजरेसाठी बांधलेल्या चीजेला हात लावायचा न्हाई. माझ्या अब्बांनी शिकवल्तं. तुमचं असो, आमचं असो. पण बेटा, तेवढी एकच जागा मी हलवली न्हाई. हात लावू का? तू सांग."

बांधलेला बिब्बा शनिवारच्या आधी काढत नाहीत. ज्यानं बांधला त्याला बाधतं म्हणतात. मनीचे पप्पा त्या वेळी कालव्याच्या काठावर मशीन चालवत होते, खाली पाणी. काही झालं असतं तर मी कुणाला काय सांगितलं असतं? आणि हात लावला नाही तर संक्रांत चार दिवसांवर आली होती. मी केबिनमध्ये परत चढले. मीटर मांडीवर घेतलं. साठ दिसत होते.

"लावा, चाचा," मी ओरडले.

त्यांनी काय केलं मला दिसलं नाही. मांडीवरचे साठ हलले, विझले, आणि तिथं शून्य आलं.

"शून्य."

"फिर से?"

"शून्य, चाचा. शून्य."

तांब्याची ती तार हादऱ्यानं जुडग्यात रुतत गेली होती. वरचं आवरण कापून पिवळ्या आणि हिरव्या, दोन्ही तारांच्या उघड्या अंगाला ती एकाच वेळी टेकत होती. ती टेकली की सगळ्या हाका तिथंच बुडायच्या. मशीन शांत उभं राहिलं की ती सुटायची, आणि मीटरवर साठ. डब्बा बदलताना चाचांनी जुडगं सैल केलं होतं, म्हणून आठवडाभर चाललं. नवा बिब्बा अजून घट्ट बांधला, म्हणून पुन्हा थांबलं.

चाचांनी तार कापली, दोन्ही वायरी सुट्या केल्या, एकेकीला टेप गुंडाळली. त्यांनी सांगितलं तशी मीच चावी फिरवली. पडदा स्वच्छ. मशीन पूर्ण आवाजात बोलायला लागलं आणि मी केबिनमध्ये बसून रडले. त्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

खाली आले तर चाचा बकेटच्या दातावर बसले होते. आनंद नव्हता त्यांच्या तोंडावर. "जुना डब्बा चांगला होता, बेटा," ते म्हणाले. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. बांडीला विकायची गरजच नव्हती. मी चुलीतला विस्तव सारखा करत बसले.

"कशाचे पैसे होते ते?" त्यांनी विचारलं.

आणि मी बोलले. एवढं मी आयुष्यात कुणाशी बोलले नव्हते. ओरडून बोलावं लागत होतं म्हणून असेल, पण एकदा आवाज निघाला तो थांबेना. माहेरच्या मेंढ्या, बांडीचा ठिपका, संध्याकाळचा गलका, गप्प पडलेलं कोकरू आणि गोल फिरणारी त्याची आई. चाचा कानामागं हात धरून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बिलकुल बराबर. मशीन बी तसंच गोल फिरतं. डोळ्यासमोर डब्बा हाय, पण आवाज न्हाई."

मनीचे पप्पा दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी कापलेली तार बघितली आणि डोक्याला हात लावला.

"चाचा, चूक माझी. बिब्बा म्याच बांधल्ता. पैशाचं काढू नका."

"बिब्बा तुझा, पण मीटर माझं. मी हलवून पाह्यलं न्हाई आन् डब्बा गेला म्हणालो."

"जालन्याचा शेट डब्बा वापस घेईल का?"

"न्हाई घेत. मी देईन. थोडे थोडे देईन."

"राहू द्या ना, चाचा. तुमच्या वयाला—"

"तू मधी बोलू नको. मेंढ्या तुझ्या होत्या का?" चाचा माझ्याकडं वळले. "हिला देईन. हिच्या हातात."

संक्रांतीला मशीन कामावर होतं. साइट वाचली. मी तीळगूळ घेऊन गावी आले आणि बोटांचा वास हळूहळू गेला.

आता मनीचे पप्पा मशीन घेऊन या कामावरून त्या कामावर असतात. बिब्बा अजून बांधतात, पण दोऱ्यानं, बूमच्या कडीला, वायरीपासून लांब. मनी तालुक्याला शिकते. सासूबाई गेल्या. घरात मी असते. माळावर निदान क्रशर होतं.

चाचा त्यानंतर येत राहिले. कुठल्या कामावर जाताना वाट वाकडी करून आमच्या दारात स्कूटर लावायचे. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. खिशातून दुमडलेल्या नोटा काढून माझ्या हातात द्यायचे आणि चहा प्यायचे. मी ओरडून बोलायचे. तूर कशी आहे, मनीला किती मार्क पडले, कुठलं मशीन कशानं बंद पडलं होतं. एकदा उंदरानं वायर कुरतडलेली, एकदा सॉकेटात पाणी, एकदा धुतानाच कुणी प्लग उपटलेला. ते गेले की शेजारीण विचारायची, "कुणाशी भांडून राह्यल्तीस गं?" मी म्हणायचे, "भांडत नव्हते, चाचाला सांगत होते." तिला खरं वाटायचं नाही. तिनं माझा आवाज दुसऱ्या कुठल्या दिवशी ऐकलेलाच नव्हता.

त्या पैशातून मी मेंढ्या घेतल्या नाहीत. घ्याव्या असं दरवेळी मनात यायचं. पण एक-दोन मेंढ्या म्हणजे कळप नाही, संध्याकाळी त्यांना हाक मारायला कुणी लागतं. पैसे डब्यात ठेवत गेले. आणि खरं सांगायचं तर ते लवकर फिटावेत असं मला कधी वाटलं नाही. एकदा चाचांनी नोटा जास्त दिल्या तर मी परत केल्या, म्हटलं, "पुढल्या बारीला द्या." ते हसले. त्यांना कळलं असेल का, मला माहीत नाही.

परवा ते आले ते स्कूटरवर नव्हते. मुलाची गाडी रस्त्यावर उभी होती, मुलगा आतच फोनवर बसलेला. चाचा काठी टेकत अंगणात आले. हाताची बोटं आता तेवढी काळी राहिली नव्हती. म्हणाले, गॅरेज बंद केलं, नजर काम करत नाही, मुलगा औरंगाबादेस नेतोय, तिथंच राहायचं. सुनेच्या घरात मशीनचा आवाज नाही, झोप कशी लागेल देव जाणे. आणि खिशातून नोटा काढल्या.

"आखरी हायत. मोज."

मी चहा ठेवला. कप विसळले. पुन्हा विसळले. मग पायरीवर बसून नोटा हातात घेतल्या आणि एकेक मोजायला लागले, सावकाश, मोठ्यानं, जशी त्या दुपारी केबिनमधून आकडे सांगत होते. चाचा कानामागं हात धरून बसले होते. बांधावरच्या तुरीचा वास येत होता. मधे मी मुद्दाम चुकले आणि पहिल्यापासून मोजलं. गाडीचा हॉर्न वाजला, तो त्यांना ऐकू गेला नाही, मी सांगितलाही नाही.

शेवटची नोट आली.

"किती?" त्यांनी विचारलं.

"बराबर हायत," मी म्हणाले. ते अजून कान पुढं करून होते. मी सगळा श्वास घेतला. "पुरे आले, चाचा. सगळे फिटले."

त्यांना ऐकू आलं. त्यांनी मान हलवली, रिकामा कप पायरीवर पालथा ठेवला आणि काठी घेऊन उठले.